माइकसमोर बोलायला शिकायचंय? मग आधी ॲग्नेस मूरहेड ऐका

मागच्या महिन्यात मामेबहिणीच्या मुलीचा फोन आला, मावशी मला ऑडिओबुक वाचायचेत, आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात, पुण्या-मुंबईचा एखादा कोर्स सांग ना. मी म्हटलं कोर्स-बिर्स राहू दे बाजूला, आधी एक बाई ऐक. अमेरिकेतली, १९०० साली जन्मलेली, ॲग्नेस मूरहेड. ती म्हणाली हे कोण आता नवीन. तिला तासभर जे सांगितलं तेच इथे लिहून टाकते, कारण हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतोच आणि दर वेळी बोलून बोलून माझाच घसा बसते.

मी नागपूरची, अजनीला राहते, रेल्वे लाइनच्या इतकी जवळ की गाडी गेली की कपाटातल्या कपबशा वाजतात. कॉलेजात एकांकिका केल्या, मग श्रुतिका केल्या, मग संसार, आणि आता सहा-सात वर्षं आतल्या खोलीत माइक लावून गोष्टी वाचते, ऑडिओ मालिकांमध्ये सासू, आत्या, भांडकुदळ शेजारीण, जे येईल ते करते. पहिली फाइल पाठवली होती ती तीन दिवसांत परत आली. कोणाकडून ते जाऊ द्या. शेरा दोन ओळींचा होता, नाटकी वाटतंय आणि मागे पंखा ऐकू येतो. पंखा नव्हता, कूलर होता, मे महिना होता, नागपूरचा माणूस कूलर बंद करून कसा बसेल बावा. पण नाटकी वाटतंय हे मात्र खरं होतं आणि ते लागलं मनाला. देशपांडे सभागृहात शेवटच्या रांगेतल्या काकांना ऐकू जावं म्हणून जे जे आपण शिकतो ते सगळं माइकवर उलटं पडते, कारण तिथे ऐकणारा शेवटच्या रांगेत नसतो, तुमच्या तोंडाशी कान लावून बसलेला असतो.

तर ही बाई. थोडक्यात सांगते, कारण पुढे जे करायचं ते तिच्या करिअरच्या क्रमानेच करायचंय. वडील चर्चमध्ये पाद्री, हिने कॉलेजला जीवशास्त्र घेतलं, काही वर्षं शाळेत शिकवलं, मग न्यूयॉर्कच्या अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्समधून १९२९ ला बाहेर पडली, आणि त्याच वर्षी तिकडे शेअर बाजार कोसळला म्हणजे नाटकात काम मिळायची मारामार. रेडिओ मात्र जोरात होता. तिने रेडिओवर पडेल ते केलं, विनोदी केलं, बातम्यांचं नाट्यरूपांतर करणाऱ्या कार्यक्रमात राष्ट्राध्यक्षांची बायको एलेनॉर रूझवेल्टचा आवाज काढला, १९३७ ला नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सबरोबर 'द शॅडो' मालिकेत मार्गो लेन झाली, त्याच्या मर्क्युरी थिएटर या नाटक कंपनीत गेली, त्याच्याचमुळे १९४१ ला सिनेमात आली. सिनेमात चार वेळा ऑस्करचं नामांकन आणि एकदाही मिळालं नाही. तरी ती रेडिओ सोडत नव्हती हे बघा. आणि मग २५ मे १९४३ ला सीबीएस या रेडिओ नेटवर्कच्या 'सस्पेन्स' मालिकेत अर्ध्या तासाची श्रुतिका केली, 'सॉरी, राँग नंबर', लेखिका ल्युसिल फ्लेचर. पहिला धडा तोच.

ही श्रुतिका इंटरनेट अर्काइव्हवर फुकट ऐकायला मिळते, मालिकेचं नाव आणि तारीख टाकून शोधा. तिने ही पुढे कितीतरी वेळा परत केली त्यामुळे वेगवेगळ्या सालच्या फाइली दिसतील, सुरुवात १९४३ चीच करा. हेडफोन लावून, संध्याकाळी, एकटीने. ट्रॅफिकमध्ये स्कूटीवर ऐकायची गोष्ट नाही ही.

गोष्ट अशी की एक आजारी बाई, श्रीमंत, पलंगावरून उठत नाही, घरात एकटी, नवऱ्याच्या ऑफिसला फोन लावून राहिली आणि तो सारखा बिझी लागतो. ऑपरेटरला सांगते जोडून द्या, आणि लागतं क्रॉस कनेक्शन, म्हणजे भलत्यांचंच बोलणं आपल्या फोनवर, दोन माणसं एका बाईच्या खुनाचं ठरवताना ऐकू येतात, रात्री सव्वाअकराला, पुलावरून गाडी जाते तेव्हा, म्हणजे आवाज दबेल. पुढचा पूर्ण वेळ ही बाई फोन करत राहते, ऑपरेटर, पोलीस, हॉस्पिटल, आणि कोणी मनावर घेत नाही. क्रॉस कनेक्शन म्हणजे काय हे भाचीला समजावण्यात माझी दहा मिनिटं गेली ते वेगळं. ज्यांच्या घरी काळा डबडा फोन होता त्यांना बरोब्बर कळेल. शेवट सांगत नाही.

पहिल्यांदा नुसतं ऐका. इंग्रजी पूर्ण कळलं नाही तरी चालते, उलट बरंच आहे, शब्द सुटले की आवाजाकडे लक्ष जाते.

दुसऱ्यांदा वही घ्या. प्रत्येक नवीन फोन लागला की वेळ लिहा आणि समोर एक शब्द, तिचा सूर काय आहे त्याचा. माझ्या वहीत असं निघालं होतं, सुरुवातीला 'वैतागलेली', मग 'तोऱ्यात', मग 'तक्रार करणारी', मग परत 'तोऱ्यात', आणि 'घाबरलेली' हा शब्द किती उशिरा आला ते बघून मी थक्क झाले. ही बाई पहिल्या मिनिटाला घाबरतच नाही! खुनाचं बोलणं ऐकूनही ती आधी चिडते, ऑपरेटरवर डाफरते, आपलं ऐकत नाहीत म्हणून अपमान वाटतो तिला. ऐकणाऱ्याला ती आवडतच नाही आधी. आणि म्हणून शेवटी जेव्हा तो तोरा गळून पडतो तेव्हा अंगावर काटा येतो. मी माझ्या परत आलेल्या फाइलमध्ये काय केलं होतं माहितीये, भुताची गोष्ट होती आणि मी पहिल्या वाक्यापासूनच कापऱ्या आवाजात सुरू, 'त्या रात्रीऽऽ'. सगळी भीती पहिल्याच पानावर खर्च, पुढच्या चाळीस पानांना उरलं काय, घंटा.

म्हणून तुमच्या कुठल्याही गोष्टीचं असंच करा. वाचायला घ्यायच्या आधी पेन्सिलने समासात सूर लिहा, एका शब्दात, आणि सगळ्यात मोठी भावना जिथे येते तिथे गोल करा. त्या गोलाच्या आधी ती भावना आवाजात येऊ द्यायची नाही म्हणजे नाही. येऊन राहिली असेल तर तिथे दुसरं काहीतरी करा, राग, घाई, खोटं हसू. घाबरलेली माणसं खरी अशीच वागतात, डॉक्टरकडे रिपोर्ट घ्यायला गेलेला माणूस पार्किंगवाल्याशी भांडतो ना, तसं.

तिसऱ्यांदा ऐकायचं ते फक्त अंतरासाठी. ती कधी माइकच्या जवळ आहे, कधी लांब, कधी तोंड वळवलंय. त्या काळी स्टुडिओत रिबन माइक असायचे, पुढून आणि मागून दोन्हीकडून ऐकणारे आणि बाजूंनी बहिरे, म्हणून नट माइकच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहायचे आणि दूर गेल्यासारखं दाखवायचं असेल तर त्या बहिऱ्या बाजूकडे सरकायचे. आपल्याकडे घरी जो असतो तो बहुतेक फक्त पुढून ऐकतो, मागून बहिरा. विकत आणल्यावर पुढची बाजू कोणती ते आधी पाहून घ्या, मी पहिला आठवडा मागच्या बाजूला बोलत होते, सांगते खरं ते.

आता हात लावून बघायची गोष्ट. माइकपासून एक वीत अंतर ठेवा, आपलीच वीत, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. नेहमीचं बोलणं इथून. गुपित, पुटपुटणं, मनातलं बोलणं असेल तर चार बोटांवर या पण आवाज अर्धा करा, जवळ येऊन तेवढ्याच जोरात बोललात तर सगळं फाटते. ओरडायचं असेल तर एक पाऊल मागे आणि तोंड थोडं वळवून, ताकद तेवढीच लावायची, कमी नाही. किंकाळी हळू मारली की ती किंकाळी राहत नाही, म्हणून माणूस हलतो, आवाज नाही. मूरहेडबाईंच्या श्रुतिकेत हे इतकं स्वच्छ कळते की डोळे मिटले तर बाई उशीला टेकून बसलीय की पुढे झुकलीय ते दिसते.

आणि आपल्या मराठीची एक खास भानगड आहे. इंग्रजीवाले फक्त प आणि ब ला रडतात, आपल्याकडे फ, भ, ख, ध, ठ अशी अख्खी फौज आहे हवा सोडणारी. तोंडासमोर तळहात धरा आणि म्हणा, 'भाऊ फाटकापाशी उभा होता'. तळहाताला जे भप्प भप्प लागतं ना, तेच माइकला लागतं आणि ऐकणाऱ्याच्या कानात ढोल वाजतो. उपाय एकच, माइकच्या नाकासमोर बोलू नका, थोडं तिरपं बोला, हवा गालावरून निघून जाईल आणि आवाज पोचेल. माइकपुढे हवा अडवणारी जाळी लावा ती वेगळी, पण जाळीच्या भरवशावर राहू नका. भाची म्हणाली मावशी मी भ सौम्य म्हणू का. अगं नको, भाऊचा बाऊ होईल.

कागदाचं. तेव्हा सगळे स्क्रिप्ट हातात धरून उभं राहून बोलायचे आणि पान उलटल्याचा आवाज प्रक्षेपणात जाऊ नये म्हणून पिन काढून सुटी पानं ठेवायचे, संपलं की अलगद बाजूला. मी अजूनही छापूनच घेते, प्रत्येक पानाचा खालचा कोपरा थोडा दुमडून ठेवते म्हणजे उचलताना घासत नाही. वाक्य पानाच्या शेवटी तुटत असेल तर उरलेले शब्द हाताने खाली लिहून टाका. टॅबवर वाचत असाल तर एअरप्लेन मोड, नाहीतर भर प्रसंगात बँकेचा मेसेज.

उभं राहूनच बोला हेही सांगून ठेवते. बसलं की पोट दबते, श्वास अर्धा होते, आणि दुपारी जेवण झाल्यावर तर विचारूच नका. सावजी खाऊन रेकॉर्डिंगला उभं राहायचं पाप मी एकदा केलंय, तिखटाने घशात खरखर आणि पोटातला प्रत्येक आवाज माइकने टिपलेला. एडिट करायला बसलेला भाचा म्हणाला मावशी या सीनमध्ये सिंह आहे का?

खोलीचं फार मनावर घेऊ नका. लोक हजारो रुपयांचे फोम लावतात. मी दिवाणावरची गादी भिंतीला उभी केलीय, मागे दोरीवर दोन गोधड्या, बाजूला साड्यांचं कपाट उघडं. टाळी वाजवून बघा, टाळीनंतर खोली उत्तर देत असेल तर अजून एक गोधडी. राहिला कूलर. तो बंदच करावा लागतो, दुसरा मार्ग नाही, एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेचार ते सहा हीच वेळ, आठ वाजले की खोलीची भट्टी होते. आणि अजनीत ट्रेन. आधी मी गाडी आली की चिडायची, अख्खा टेक वाया. ती श्रुतिका ऐकल्यावर मात्र गंमत वाटायला लागली, तिथे गाडी अख्ख्या गोष्टीचा खिळा आहे आणि इथे मी तिला शिव्या घालून राहिले. आता गाडी आली की थांबते, पाणी पिते, मागचं वाक्य परत वाचून पुढे जाते. बाजूला वेळ टिपून ठेवली तर कापायला सोपं जाते.

आता जरा अवघड. त्या काळात नेटवर्कवर सगळं थेट जायचं, रेकॉर्ड करून लावायची पद्धत नव्हती, आणि अमेरिकेच्या पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे घड्याळात तीन तासांचा फरक, म्हणून कितीतरी कार्यक्रम संध्याकाळी एकदा करायचे आणि तीन तासांनी पश्चिमेसाठी सगळंच्या सगळं परत करायचे. टेक टू वगैरे नाही. १९४३ च्या त्या पहिल्याच प्रक्षेपणात शेवटाला एकाचा क्यू, म्हणजे बोलायची खूण, चुकला आणि ऐकणाऱ्यांना शेवट नीट कळलाच नाही, मग पुढच्या आठवड्यात मालिकेला तो समजावून सांगावा लागला आणि ऑगस्टमध्ये श्रुतिका परत केली. एवढी मुरलेली माणसं, तरी चुकली.

याचा आपल्याला उपयोग असा. आठवड्यातून एकदा दहा मिनिटांचा उतारा न थांबता रेकॉर्ड करा, चुकलं तरी पुढे जायचं. आणि घड्याळ लावून, दहा म्हणजे दहा. त्यांच्याकडे काचेपलीकडून दिग्दर्शक खुणा करायचा, दोन हात ताणून दाखवले की वाक्य लांबव, बोट गरगर फिरवलं की पळ, नाकाला बोट लावलं की वेळ बरोब्बर. घरात कोणी असेल तर त्याला हे काम द्या. आमच्या घरी सासूबाई करायच्या, त्यांना त्यात भारी मजा यायची, फक्त त्या दर वेळी पळ पळच दाखवायच्या कारण त्यांची मालिका सुरू व्हायची असायची. पहिल्या महिन्यात तुम्ही दहा मिनिटांचं सात मिनिटांत उरकाल, सगळेच उरकतात.

दुसरा धडा टीव्हीचा. १९४८ ला 'सॉरी, राँग नंबर'चा सिनेमा निघाला आणि भूमिका मिळाली बार्बरा स्टॅनविकला, तिला त्यासाठी ऑस्करचं नामांकनही मिळालं. जिने रेडिओवर ते उभं केलं तिला नाही. असं तेव्हा बऱ्याच जणींचं झालं. 'गनस्मोक'मध्ये रेडिओवर किटी करायची जॉर्जिया एलिस, १९५५ ला टीव्हीवर आलं तेव्हा किटी झाली अमांडा ब्लेक. बी बेनाडेरेटची गोष्ट तर अजून चुटपुट लावणारी, ल्युसिल बॉलबरोबर रेडिओवर 'माय फेव्हरिट हसबंड' केलेली, ल्युसिलला ती 'आय लव्ह लुसी'त शेजारीण म्हणून हवी होती, पण ती आधीच दुसऱ्या मालिकेत बांधलेली. उलट गर्ट्रूड बर्गने १९२९ पासून स्वतःच लिहिलेली गोल्डबर्ग कुटुंबाची मालिका १९४९ ला टीव्हीवर नेली आणि अभिनेत्रीसाठीचं पहिलं एमी, टीव्हीचं मोठं बक्षीस, घेऊन गेली. फरक दिसतोय ना, स्क्रिप्ट तिचं होतं. भाचीला म्हटलं, वाचतेस तर लिहीतही जा गं थोडं, दोन पानं का होईना.

मूरहेडबाईंनी टीव्हीवर काय केलं ते मात्र बघाच. २७ जानेवारी १९६१ चा 'ट्वायलाइट झोन'चा भाग, 'द इन्व्हेडर्स'. रानातल्या झोपडीत एकटी बाई आणि छपरावर काहीतरी उतरलंय, आणि पूर्ण भागात हिला एकही वाक्य नाही. एकही नाही! जिने आवाजावर एवढं नाव कमावलं तिला दिली मुकी भूमिका. पण आवाज बंद करून बघू नका, उलट डोळे मिटून ऐका. धाप, कण्हणं, गिळलेला हुंदका, जोर लावताना निघालेला 'अंह'. हा सगळा रेडिओच आहे.

यावरून एक सराव मी बनवलाय आणि तो मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. शब्दाशिवाय एक मिनिट रेकॉर्ड करायचं. कामं साधी घ्या, भरलेली बादली दुसऱ्या मजल्यावर नेणं, सुईत दोरा ओवणं, गरम पातेलं चिमट्याशिवाय उचलणं, अंधारात स्विच शोधणं. खरंच हालचाल करा माइकसमोर, नुसता आवाज काढाल तर खोटं कळते. मग घरच्या कोणाला तरी ऐकवा आणि विचारा काय चाललंय. माझी सुई-दोरा ऐकून नवऱ्याने सांगितलं होतं, तुला दात दुखतोय. तीन आठवड्यांनी त्याने बरोबर ओळखलं.

नंतर १९६४ पासून आठ वर्षं ती 'बिविच्ड'मध्ये एंडोरा होती, जावयाला छळणारी चेटकीण सासू, आणि जग तिला त्यासाठीच ओळखते, रंगीत झगे आणि डोळ्यांवर निळं. सासूचे रोल करायचे असतील तर हेही ऐका, ती ओरडत नाही कधी, जावयाचं नाव मुद्दाम चुकीचं घेते आणि तेही लाडात. मी माझ्या एका मालिकेतल्या सासूला हे चिकटवलंय, सुनेचं नाव दर वेळी थोडं चुकवायचं. लेखकाने लिहिलं नव्हतं, पण ठेवलं त्यांनी.

आणि जानेवारी १९७४ मध्ये सीबीएसने रात्रीची रहस्य-श्रुतिकांची नवी मालिका सुरू केली, तेव्हा पहिल्याच भागात आवाज कोणाचा, तर हिचाच. एप्रिलच्या शेवटी ती गेली. तो भागही मिळतो ऐकायला, आवाज थकलाय, जाड झालाय, पण थांबणं तेच.

भाचीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. तिला घरचा अभ्यास दिला होता, फोनवरचा एकतर्फी प्रसंग स्वतः लिहायचा, तीन मिनिटांचा, समोरच्याचं बोलणं ऐकू येणार नाही पण कळलं पाहिजे. तिने लिहिलं, मेच्या रात्री लाइट गेलीय, बाई तक्रार नोंदवायला फोन लावते, घरात म्हातारे वडील, आणि पलीकडे नुसतं एक दाबा दोन दाबा. सुरुवात चिडून केली, शाब्बास. दुसऱ्या मिनिटाला बाबांना हाक मारते ती तोंड वळवून मारली, माइकपासून लांब, खोलीच खोलीत दिसली मला. मग तिसऱ्यांदा हाक मारते आणि उत्तर येत नाही, तिथे तिने फोनवरच्या मशीनला एकदम नम्रपणे म्हटलं, 'हो, थांबते मी, थांबते.' मी हेडफोन काढून ठेवले दोन मिनिटं.

मग लक्षात आलं मागे कूलर चालू होता. परत पाठवली तिला फाइल.